कतारीतली खुर्ची : चार्ल्स ईम्स यांची जीवनकथा



दहा दिवसांच्या उत्सवात आपल्या मंडपात सर्वांत जास्त वेळा उचलली जाणारी वस्तू कोणती, असे कुणी विचारले तर आम्ही डोळे मिटून सांगू : खुर्ची. बाप्पाची मूर्ती दोनदाच हलते, येताना आणि जाताना. खुर्ची मात्र दिवसातून चार वेळा हलते. सकाळी अथर्वशीर्षाला मांडायची, दुपारी महाप्रसादाच्या पंगतीसाठी उचलून कडेला थप्पी लावायची, संध्याकाळी कार्यक्रमासाठी पुन्हा मांडायची आणि रात्री मोजून ठेवायची. शेवटच्या दिवशी मंडपवाल्याचा टेम्पो आला की दोन खुर्च्या कमी भरतात आणि त्या कुठे गेल्या यावर कार्यकर्त्यांत अर्धा तास चर्चा होते. हे सगळे आपण वर्षानुवर्षे केले, पण खुर्ची या वस्तूकडे आम्ही कधी नीट पाहिले नव्हते.

गेल्या वर्षी पाहावे लागले. मुलांच्या नृत्यस्पर्धेच्या रात्री अचानक जोराचा पाऊस आला आणि पाठोपाठ दिवे गेले. कुणी कुणाला ढकलले नाही, आरडाओरडाही फारसा झाला नाही. माणसे फक्त एकदम उभी राहिली. त्यासरशी हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागे सरकल्या, काही उलटल्या, आणि मधली वाट खुर्च्यांनी भरून गेली. आपल्यातल्या एका आजींचा पाय एका उलटलेल्या खुर्चीत अडकला आणि त्या हातावर पडल्या. मनगटाचे हाड मोडले, दीड महिना प्लास्टर राहिले. आजींनी कुणाला बोल लावला नाही. पण आमच्या मनाला ते लागले, कारण चूक पावसाची नव्हती, आमच्या मांडणीची होती. दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यातली प्रत्येक सुटी होती.

उत्सवानंतरच्या बैठकीत खुर्च्या सुतळीने बांधाव्यात अशी सूचना आली. तेव्हा आमच्यातल्या एकाचा भाचा, जो अहमदाबादला डिझाइनचे शिक्षण घेतो, म्हणाला की या प्रश्नावर एका माणसाने सत्तर वर्षांपूर्वीच उत्तर काढून ठेवले आहे, आणि त्याच माणसामुळे आमची संस्था उभी राहिली आहे. त्या माणसाचे नाव चार्ल्स ईम्स. आम्ही उत्सुकतेने त्यांचे चरित्र मिळवून वाचले आणि या स्मरणिकेत ते आपल्यासमोर ठेवावे असे ठरवले. आपण राहतो त्या गावाचे नाव कांतारेश्वर महादेवाच्या देवळाशी जोडले जाते हे आम्हाला ठाऊक आहे. पण मराठी कानाला कतारगाम म्हटले की आधी कतारच ऐकू येते. तेव्हा कतारीत बसणाऱ्या खुर्चीची गोष्ट कतारगामच्या स्मरणिकेत शोभून दिसेल, नाही का?

सुरत, खुर्च्या आणि १९०७ साल

सुरतेचा आणि खुर्च्यांचा संबंध तसा जुना आहे. १९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन सुरतेत भरले होते. जहाल आणि मवाळ यांचे वाद टोकाला गेले होते. रासबिहारी घोष अध्यक्षस्थानी होते. सार्वजनिक गणेशोत्सवाला चळवळीचे रूप देणारे आपले लोकमान्य टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर गेले, त्यांना बोलू दिले जाईना, आणि बघता बघता मंडपातून एक दख्खनी जोडा व्यासपीठावर आला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या आणि अधिवेशन उधळले. सुट्या खुर्चीचे काय होऊ शकते याचा इतका मोठा दाखला दुसरीकडे शोधायला नको.

योगायोग असा की त्याच वर्षी, सहा महिने आधी, १७ जून १९०७ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात चार्ल्स ईम्स यांचा जन्म झाला होता.

घर मध्यम स्थितीतले. वडील रेल्वेच्या सुरक्षेच्या कामात होते. चार्ल्स शाळेत असतानाच ते गेले आणि घराचा आधार तुटला. मुलगा शाळा सांभाळून पोलादाच्या कारखान्यात मजुरीला जाऊ लागला. लोखंड तापते कसे, वाकते कसे, कुठे तुटते, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी हाताने शिकून घेतले. वडिलांच्या सामानात छायाचित्रणाची जुनी साधने सापडली, तीही त्यांनी स्वतःच खटपट करून चालवायला शिकली. हात आणि डोळा या दोन गोष्टी त्यांना गरिबीनेच दिल्या असे म्हणायला हरकत नाही.

पुढे शिष्यवृत्तीवर वॉशिंग्टन विद्यापीठात ते वास्तुशास्त्र शिकू लागले, पण ते शिक्षण पुरे झाले नाही. सुमारे दोन वर्षांनी ते बाहेर पडले. पदवी नसलेला हा माणूस पुढे जगभरच्या विद्यापीठांत शिकवला गेला, हे आपल्या दहावी-बारावीच्या निकालांनी धास्तावलेल्या पालकांनी जरूर लक्षात घ्यावे!

१९२९ मध्ये कॅथरीन वोरमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पुढच्या वर्षी मुलगी लुसिया झाली. १९३० मध्ये त्यांनी स्वतःचे कार्यालय काढले आणि नेमकी तेव्हाच अमेरिकेवर मोठी मंदी आली. कामे मिळेनात. एक वेळ अशी आली की सगळे सोडून ते काही महिने मेक्सिकोत जाऊन राहिले. खिशात पैसे नव्हते, मिळेल ते काम करायचे आणि चित्रे काढायची. थोड्यात भागते, आणि थोड्यातही सुंदर राहता येते, हे तिथल्या साध्या माणसांच्या घरांत त्यांनी पाहिले. हा धडा त्यांना जन्मभर पुरला.

परत आल्यावर त्यांनी बांधलेल्या एका चर्चकडे एलिएल सारिनेन या नामवंत वास्तुकाराचे लक्ष गेले. त्यांनी १९३८ मध्ये चार्ल्सना मिशिगनमधल्या क्रॅनब्रुक कला अकादमीत शिष्यवृत्तीवर बोलावले. तिथे एलिएल यांचा मुलगा एरो सारिनेन यांच्याशी त्यांची घट्ट मैत्री जुळली. आणि तिथेच चित्रकार रे कायझर भेटल्या.

बक्षीस मिळाले, खुर्ची मिळाली नाही

१९४० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घरगुती सामानाची एक स्पर्धा जाहीर केली. चार्ल्स आणि एरो यांनी त्यात भाग घेतला. कल्पना अशी होती की बैठक आणि पाठ वेगवेगळी न करता, माणसाच्या शरीराला साजेसे एकच वळणदार कवच प्लायवुडमधून काढायचे. म्हणजे गादी नको, स्प्रिंग नको, कापड नको, आणि खुर्ची स्वस्त. त्यांना बसण्याच्या आणि कपाटांच्या दोन्ही विभागांत पहिले बक्षीस मिळाले. रे यांनी त्या प्रवेशिकेच्या तयारीत हात लावला होता.

वर्तमानपत्रांत नाव झाले. पण खुर्ची बनवायला घेतली तेव्हा लाकूड ऐकेना. प्लायवुड एका दिशेने वाकते. एकाच वेळी दोन दिशांनी वाकवले की ते तडकते. तडे झाकण्यासाठी अखेर त्यावर गादी आणि कापड चढवावे लागले, आणि स्वस्त खुर्ची महाग झाली. बक्षीस हाती आले, वस्तू हाती आली नाही. इथे बहुतेक माणसे बक्षिसाचे प्रशस्तिपत्र भिंतीवर लावून पुढच्या कामाला लागतात. चार्ल्सना ते जमले नाही. जी गोष्ट कागदावर झाली पण कारखान्यात झाली नाही, ती झालीच नाही, असे ते धरून चालले.

पहिला विवाह मोडला होता. २० जून १९४१ रोजी चार्ल्स आणि रे यांचा विवाह झाला आणि दोघे लॉस एंजेलिसला गेले. दिवसा चार्ल्स एका चित्रपट कंपनीत नेपथ्याचे काम करीत आणि रात्री भाड्याच्या घरात दोघे लाकूड वाकवीत. त्यासाठी त्यांनी घरीच एक यंत्र बांधले होते. प्लास्टरच्या साच्यात लाकडाचे पातळ पापुद्रे गोंद लावून एकावर एक ठेवायचे, विजेने तापवायचे आणि सायकलच्या पंपाने हवा भरून दाब द्यायचा. यंत्राला वीज इतकी लागे की चार्ल्स खांबावर चढून तारेतून वीज घेत असत असे सांगतात. जादूगाराच्या मंत्रावरून त्या यंत्राला त्यांनी गमतीचे नाव दिले होते, कझाम. आपल्याकडे छू मंतर म्हणतो तसेच.

मग युद्ध आले. जखमी सैनिकांचा मोडलेला पाय बांधायला धातूच्या पट्ट्या वापरत, पण त्या हादरे देत आणि जखम वाढत असे. चार्ल्स आणि रे यांनी पायाच्या आकाराची, वळणदार, हलकी प्लायवुडची पट्टी तयार केली. अमेरिकेच्या नौदलासाठी अशा सुमारे दीड लाख पट्ट्या तयार झाल्या. जी वळणे खुर्चीत जमत नव्हती ती पायाच्या पट्टीत जमली. लाकडाला योग्य ठिकाणी भोके आणि चिरा ठेवल्या की ते दोन्ही दिशांनी वाकते आणि तडकत नाही, हे या कामाने शिकवले.

युद्धानंतर प्लायवुडच्या खुर्च्या आल्या आणि हर्मन मिलर या कंपनीने त्या बाजारात आणल्या. यावेळी बैठक वेगळी आणि पाठ वेगळी ठेवली होती. एका तुकड्यातले स्वप्न त्यांनी थोडे बाजूला ठेवले आणि साहित्य जे सांगत होते ते ऐकले. टाइम साप्ताहिकाने १९९९ मध्ये विसाव्या शतकातले सर्वोत्कृष्ट डिझाइन म्हणून याच खुर्चीची निवड केली.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी, कारण चरित्र म्हणजे आरती नव्हे. १९४६ मध्ये आधुनिक कला संग्रहालयाने या खुर्च्यांचे प्रदर्शन भरवले तेव्हा नाव एकट्या चार्ल्स ईम्स यांचे लागले. रे यांचे नाव नव्हते, आणि वर्षानुवर्षे बरोबर राबलेल्या सहकाऱ्यांचेही नव्हते. त्यातले काही दुखावले. हॅरी बर्टोया हे गुणी कलावंत याच सुमारास त्यांना सोडून गेले आणि पुढे तारेच्या खुर्च्यांसाठी स्वतः नावाजले. रे यांना त्यांच्या वाट्याचे श्रेय नीट मिळायला पुढे कित्येक वर्षे लागली. चार्ल्स स्वतः रे यांच्या कामाचा मान राखीत, पण फलकावर नाव लागायचे ते एकाचेच. आपल्या मंडळातही दहा जण राबतात आणि अहवालात तीन नावे छापून येतात. म्हणून आम्ही हा भाग मुद्दाम लिहिला.

एकावर एक, आणि शेजारी शेजारी

१९४८ मध्ये त्याच संग्रहालयाने कमी किमतीच्या फर्निचरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली. युद्धावरून परतलेली लाखो तरुण कुटुंबे नवी घरे मांडत होती आणि त्यांना परवडतील अशा वस्तू हव्या होत्या. ईम्स यांनी मोटारीच्या पत्र्यासारखा पत्रा ठोकून एका तुकड्यात खुर्चीचे कवच काढले. बक्षीस दुसरे आले. पण पत्रा थंड लागे, गंजू शके आणि खर्चही कमी होईना. पुन्हा तीच जुनी अडचण.

यावेळी उपाय सापडला तो विमानांच्या कारखान्यात. युद्धात रडारवरची घुमटाकार झाकणे काचेच्या तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकची करीत. आपण त्याला फायबरग्लास म्हणतो. झेनिथ प्लास्टिक्स या कंपनीबरोबर काम करून ईम्स यांनी त्याच साहित्यात खुर्चीचे कवच ओतून काढले. १९५० मध्ये ती खुर्ची बाजारात आली. एकसंध प्लास्टिकच्या कवचाची, मोठ्या प्रमाणावर तयार झालेली ती पहिली खुर्ची मानली जाते. दहा वर्षांपूर्वी लाकडाने जे नाकारले ते काचतंतूने दिले. आज आपल्या मंडपात, लग्नाच्या हॉलमध्ये, चहाच्या टपरीवर जी प्लास्टिकची खुर्ची दिसते, तिच्या घराण्यातली ही पणजी म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. घरासाठी खुर्ची करणे वेगळे आणि सभागृहासाठी करणे वेगळे. शाळा, सभागृहे, प्रार्थनागृहे यांना आपल्यासारखीच अडचण होती. एकच दालन सकाळी वर्ग, दुपारी जेवणघर, संध्याकाळी सभेची जागा. खुर्च्या भराभर मांडाव्या लागतात आणि भराभर उचलाव्या लागतात. १९५५ मध्ये ईम्स यांनी यासाठी जी खुर्ची दिली तिच्यात तीन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली गोष्ट म्हणजे हात नाहीत. हात असले की खुर्ची रुंद होते आणि रांगेत माणसे कमी मावतात. दुसरी गोष्ट पायांची. नेहमीच्या खुर्चीचे पाय बैठकीच्या खाली असतात. तशी खुर्ची दुसरीवर ठेवायला गेले की वरचीचे पाय खालचीच्या बैठकीवर टेकतात आणि थप्पी डळमळते. ईम्स यांनी पोलादी नळीचे पाय कवचाच्या कडेने बाहेरून खाली उतरवले. त्यामुळे वरच्या खुर्चीचे पाय खालच्या खुर्चीला न अडता बाजूने खाली जातात आणि कवचावर कवच बसते, वाटीत वाटी बसावी तसे. तिसरी गोष्ट आमच्या कामाची. त्या नळीवरच बाजूला अडकवण्याची सोय केलेली होती. एक खुर्ची दुसरीच्या शेजारी आणून अडकवली की दोन्ही एक झाल्या. अशा अडकवत गेले की सरळ रांग तयार होते. थप्पी लावताना तीच सोय आड येत नाही. ऐकायला सोपे वाटते, पण एकच पाय थप्पीतही बसला पाहिजे आणि रांगेतही अडकला पाहिजे, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. थप्पीसाठी बाजू मोकळी हवी, रांगेसाठी बाजूला काहीतरी पुढे आलेले हवे. दोन्ही साधणे हीच त्यातली खुबी.

रांग का जोडायची, हे आजींच्या मनगटाने आम्हाला शिकवले. एकटी खुर्ची एका माणसाच्या धक्क्याने उलटते. आठ खुर्च्या एकत्र जोडल्या की त्या उलटवायला आठांचे वजन हलवावे लागते. माणूस घाईत उठला तरी खुर्ची त्याच्यामागे वाटेत येत नाही. वाट वाटच राहते. म्हणूनच अनेक देशांत मोठ्या सभागृहांसाठी खुर्च्या जोडलेल्या असाव्यात असा अग्निसुरक्षेचा आग्रह असतो. मात्र जोडणीलाही मर्यादा हवी. रांग फार लांब झाली तर मधला माणूस अडकून पडतो. म्हणून काही खुर्च्यांनंतर वाट सोडावीच लागते.

रांगेच्या खुर्च्यांचे हे काम ईम्स यांनी पुढेही चालू ठेवले. १९६२ मध्ये वॉशिंग्टनजवळचा डलस विमानतळ आणि शिकागोचा ओहेअर विमानतळ यांच्यासाठी त्यांनी एकाच पोलादी तुळईवर बसवलेल्या आसनांची रांग तयार केली. डलस विमानतळाचे वास्तुकार होते त्यांचे जुने मित्र एरो सारिनेन. विमानतळ पुरा होण्याआधीच, १९६१ मध्ये, एरो वारले. ज्या मित्राबरोबर पहिली खुर्ची जमली नव्हती, त्याच्या शेवटच्या मोठ्या वास्तूत चार्ल्स यांच्या खुर्च्यांच्या रांगा बसल्या. आज आपण कोणत्याही विमानतळावर किंवा दवाखान्यात ज्या जोडआसनांवर वाट पाहत बसतो, त्यांचा वंश तिथे जाऊन मिळतो.

गुजरातच्या वाटेवर

चार्ल्स आणि रे केवळ खुर्च्याच करीत बसले नाहीत. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसजवळ कारखान्याच्या तयार भागांतून त्यांनी स्वतःचे घर बांधले, ते पाहायला आजही जगभरचे विद्यार्थी जातात. १९५९ मध्ये मॉस्कोच्या अमेरिकन प्रदर्शनात सात पडद्यांवर एकाच वेळी चित्रपट दाखवून त्यांनी रशियन प्रेक्षकांना थक्क केले. दहाच्या पटीने विश्वाकडे आणि मग अणूकडे नेणारा त्यांचा पॉवर्स ऑफ टेन हा छोटा चित्रपट शाळांतून अजून दाखवतात.

पण आपल्याला जवळची गोष्ट आहे ती भारताची. १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भारतीय वस्त्रांचे आणि अलंकारिक कलांचे प्रदर्शन झाले. त्यावर ईम्स यांनी चित्रपट केला. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने पुपुल जयकर यांची आणि त्यांची ओळख झाली. देश नुकता स्वतंत्र झालेला. कारखाने उभे राहत होते, आणि हातमाग, कुंभार, तांबट मागे पडण्याची भीती होती. नव्या भारताच्या वस्तू कशा असाव्यात हा प्रश्न सरकारपुढे होता. भारत सरकारने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने चार्ल्स आणि रे यांना बोलावले. तीन महिने दोघे देशभर फिरले. बाजार पाहिले, खेडी पाहिली, कारागीर पाहिले, आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला.

बाहेरचा तज्ज्ञ येतो तेव्हा तो आपल्याला काय नाही ते सांगतो, असा आपला अनुभव. या दोघांनी उलट केले. भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांना सर्वांत श्रेष्ठ वाटला तो लोटा. आपला तांब्या! त्यांनी तांब्याकडे एखाद्या यंत्राकडे पाहावे तसे पाहिले. पाणी किती मावते, भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे, कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा, हातात कसा, पाणी ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, जुना झाल्यावर मोडीत काय मिळते. आणि हे सगळे एका माणसाने बसून ठरवले नाही, कित्येक पिढ्यांच्या हातांनी मिळून ठरवले, याचे त्यांना फार कौतुक होते. अशा वस्तूमागची विचार करण्याची रीत जपणारी आणि नव्या गरजांना लावणारी संस्था भारताने काढावी, अशी त्यांची शिफारस होती. कोणतीही वस्तू करण्यापूर्वी तिची खरी गरज काय आहे ते विचारणारी माणसे तिथे तयार व्हावीत.

त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. गौतम साराभाई आणि गिरा साराभाई या भावंडांनी तिला आकार दिला. सुरुवातीचे काम ल कोर्बुझिए यांनी बांधलेल्या संस्कार केंद्राच्या इमारतीत चालले. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या जीवनावरचे मोठे प्रदर्शन या संस्थेतल्या तरुणांनी ईम्स दांपत्याबरोबर राबून उभे केले आणि १९६५ मध्ये ते न्यूयॉर्कला उघडले. पुढे जगाला माहीत झालेले कित्येक भारतीय डिझाइनकार त्या कामातून घडले. सुरतेहून रेल्वेने चार-पाच तासांच्या अंतरावर ही संस्था आहे. आपल्या मुलांना डॉक्टर आणि इंजिनियर यांच्यापलीकडची वाट दाखवायची असेल तर हे नाव लक्षात ठेवावे.

भारताचे ऋण चार्ल्स विसरले नाहीत. १९७० च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी आपल्याकडच्या केळीच्या पानाची गोष्ट सांगितली. दक्षिण भारतात गरीब माणूस केळीच्या पानावर जेवतो. थोडी ऐपत आली की मातीचे, मग पितळेचे, काशाचे, चांदीचे ताट येते, कुणी सोन्याच्या ताटापर्यंत पोहोचतो. पण ज्याला संपत्तीबरोबर समजही आली, तो पुन्हा केळीच्या पानाकडे वळतो. हे पान गरिबाच्या पानासारखेच दिसते, पण तिथे पोहोचण्यासाठी माणूस सगळी वाट चालून आलेला असतो. ज्या घरात गौरी-गणपतीचा नैवेद्य केळीच्या पानावर वाढला जातो, त्या घराला या गोष्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

अखेर

२१ ऑगस्ट १९७८ रोजी, जिथे जन्म झाला त्याच सेंट लुईस शहरात गेले असताना, हृदयविकाराने चार्ल्स ईम्स यांचे निधन झाले. वय एकाहत्तर. रे यांनी पुढची दहा वर्षे दोघांच्या कामाची छायाचित्रे, रेखाटने, नमुने लावून नीट जतन केले. १९८८ साली, नेमक्या २१ ऑगस्टलाच, त्याही गेल्या. दोघांच्या मृत्यूची तारीख एक. आमच्यातल्या काकूंना हे वाचून सावित्रीची आठवण झाली. आम्हाला मात्र जोडलेल्या दोन खुर्च्यांची झाली.

त्यांच्या काचतंतूच्या खुर्च्यांवरही काळाने बोट ठेवले. ते साहित्य तयार करताना हवेत जाणारी रसायने आणि नंतर त्याची न होणारी विल्हेवाट यामुळे कंपनीने ते काही वर्षे थांबवले. २००१ मध्ये तोच आकार पुन्हा वापरता येणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये आला. साहित्य बदलले, आकार तोच राहिला. ज्यांनी जन्मभर साहित्याचे ऐकले त्यांच्या खुर्चीने हेही ऐकले असते, असे आम्हाला वाटते.

आपल्या कतारगामात घंटीवर बसणारा रत्नकलाकार एकच पैलू पुन्हा पुन्हा भिंगाखाली धरतो आणि पुन्हा घासतो. चार्ल्स आणि रे यांचे आयुष्य तसेच गेले. एका कवचासाठी त्यांनी लाकूड, पत्रा आणि काचतंतू असे तीन घाट चढले, आणि सभागृहातल्या माणसाला नीट बसता यावे म्हणून त्या खुर्चीला शेजारणीचा हात धरायला शिकवले.

आता आमच्या कामाचे सांगतो. मंडपवाल्याकडे जोडणीच्या खुर्च्या मिळाल्या नाहीत. म्हणून यंदा आठ-आठ खुर्च्यांचे मागचे पाय सुतळीने एकमेकांना बांधले आहेत. आठांनंतर वाट सोडली आहे आणि मधल्या वाटेची रुंदी दोन माणसे शेजारी चालतील इतकी ठेवली आहे. दिवे गेले तर पेटणारे बॅटरीचे दोन दिवे वाटेवर लावले आहेत. सुतळी सोडायला वेळ लागतो, त्यामुळे पंगतीच्या वेळी कार्यकर्त्यांची दमछाक होईल. त्यांना चार हात जास्त लागतील. आरती झाल्यावर प्रत्येकाने आपल्या रांगेची सुतळी सोडून खुर्च्या थप्पीला लावल्या, तर दहा मिनिटांत मंडप मोकळा होईल.

गेल्या वर्षीच्या त्या आजी यंदा पहिल्या रांगेत, वाटेलगतच्या खुर्चीवर बसणार आहेत. ती खुर्ची आम्ही दोन गाठींनी बांधली आहे.

बाप्पा सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो. गणपती बाप्पा मोरया!